मानेनं मला बूट शिकवले तो हिवाळा

मल्लेश्वरमच्या मंडईत अवरेकाळूचे ढीग लागले की माझं मन कडवट होतं. आपल्या पावट्याचाच हा भाऊ. पण बंगलोरच्या थंडीत त्याच्या शेंगांना एक तेलकट, उग्र, हिरवा वास येतो, आणि डिसेंबरात तो वास बायकांच्या पिशव्यांतून, बसमधून, घरांच्या जिन्यांतून सगळीकडे फिरतो. याच दिवसांत आमच्या कारखान्यात परदेशी प्रशिक्षणासाठी माणसं निवडतात. गेली दोन वर्षं मी निवडणाऱ्यांच्या बाजूला बसतो. परवा धारवाडकडचा एक तरुण आत आला. त्यानं नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि ते नाव माझ्या कानात शिरण्याआधी माझी नजर त्याच्या पायांवर जाऊन आली होती. तपकिरी डर्बी बूट, पुढून गोल, टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. कागदावर मी काही लिहिलं नाही. पण बघितलं होतं.

हे बघणं मला दत्ता मानेनं शिकवलं. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. एकोणसाठ संपून साठ लागत होतं, तो हिवाळा.

मी बेळगावहून आलो तेव्हा माझ्या पायांत वहाणा होत्या. चांगल्या, आईनं मुद्दाम नव्या घेऊन दिलेल्या. ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख सरदेसाई पुण्याचे, विलायतेत दोन वर्षं राहून आलेले. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत. खुर्ची मागे सरकवून ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग मराठीत म्हणाले, "जोशी, देऊळ पुढच्या रस्त्याला आहे. तिथं वहाणा बाहेर काढून आत जातात. इथं बूट घालून आत येतात."

खोलीत बारा माणसं होती. साहेब सोडले तर मराठी कळणारे दोघेच, मी आणि कोपऱ्यातल्या बोर्डावर वाकलेला एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस. बाकीच्यांना शब्द कळले नसतील, साहेबांचं बघणं कळलं. हसायला तेवढं पुरे होतं. कोपऱ्यातला माणूस हसला नाही. तो माने.

संध्याकाळी बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. कुठं उतरलास, म्हणून विचारलं आणि मला सरळ आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेला. मल्लेश्वरममध्ये एका जुन्या मराठी कुटुंबाचं घर होतं. तीन-चार पिढ्यांपूर्वी इथं आलेली माणसं, घरात देव मराठी आणि भांडणं कानडी. घरमालक वारले होते. त्यांची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, मागच्या दोन खोल्या भाड्यानं देई. "आपल्यातले आहात, म्हणून देते हं," ती मला म्हणाली. "जेवायला स्वल्प उशीर होतो आमच्यात, चालेल की?" एक खोली मानेकडे होती. दुसरी मी घेतली.

त्या थंडीतल्या संध्याकाळी माझ्या हातांना आजही आठवतात. अक्का अवरेकाळू दिवसभर भिजत घालायची आणि आम्ही कामावरून आलो की परात आमच्यापुढे सरकवायची. भिजलेला दाणा अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबायचा. आतला पिवळा गर टुणकन परातीत पडतो आणि चिकट साल बोटाला राहते. मानेची बोटं यात फार तरबेज. माझे दहा होईपर्यंत त्याचे तीस होत. अक्का त्याच्याकडे कौतुकानं बघायची. "माने, तुमच्या हाताला गुण आहे," असं ती म्हणायची आणि त्याच्या ताटात सारूचा, म्हणजे तिच्या आमटीचा, एक डाव जास्त वाढायची.

बूट घ्यायला मी एकटा गेलो आणि चकचकीत पंपशू घेऊन आलो. मानेनं ते हातात घेतले, वाकवले, नाकाशी नेले आणि परत खोक्यात ठेवले. "हे लग्नात घालायचे," तो म्हणाला. "सरदेसायांसमोर हे घालून गेलास तर वहाणा बऱ्या होत्या असं म्हणतील." पुढच्या रविवारी त्यानं मला कँटोन्मेंटात नेलं.

त्या काळी कँटोन्मेंट हे वेगळंच गाव होतं. परेडच्या मैदानाच्या कडेला एक दगडी कठडा होता. आम्ही त्यावर बसलो, आणि मानेनं नियम सांगितला. चेहरा बघायचा नाही. फक्त पाय बघायचे आणि बूट ओळखायचा.

मला आधी सगळे बूट सारखेच दिसले: काळे नाही तर तपकिरी. मग हळूहळू ते वेगळे होऊ लागले, जसे नवीन वर्गातले चेहरे होतात. "लेस कुठं बसलीय ते बघ," माने म्हणायचा. लेसच्या भोकांचे दोन पंख पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेले असतील आणि लेस ओढल्यावर दाराच्या दोन फळ्यांसारखे मिटत असतील, तर तो ऑक्सफर्ड. तो साहेबाचा, कोर्टाचा, दफनाचा बूट. तेच पंख वरून शिवलेले असले आणि दोन्ही बाजूंना मोकळे सुटत असले, तर डर्बी. डर्बी चालणाऱ्या माणसाचा. पाऊल वरून उंच असेल, दिवसभर उभं राहून पाय सुजत असतील, तर तो माणसावर दया करतो. "सरदेसाई डर्बी घालणार नाहीत," माने म्हणाला. "दया त्यांना चालत नाही."

ज्याच्या चामड्यावर भोकांची नक्षी तो ब्रोग. ती नक्षी मुळात नक्षी नव्हतीच. तिकडच्या दलदलीत चालणाऱ्या लोकांनी पाणी निथळायला पाडलेली भोकं होती, आणि पुढं ज्यांच्या बुटांना कधी चिखल लागला नाही त्यांनी ती मिरवायला घेतली. हे सांगताना मानेला फार मजा वाटायची. लेसच्या जागी बक्कल असलेल्या बुटाला साधूंवरून नाव पडलंय, हेही त्यानंच सांगितलं. आणि ज्याला लेस नाही, बक्कल नाही, नुसता पाय घातला की झालं, तो लोफर. आमच्या गावात मवाल्यांना देतात ती शिवी एका बुटाचं नाव आहे हे कळल्यावर मी कठड्यावर बसून पोट धरून हसलो होतो.

दोन-तीन रविवारांत मी पटापट ओळखायला लागलो. आणि मग काहीतरी आणखी झालं, ते मानेला अपेक्षित नव्हतं. तो बूट ओळखायचा आणि तिथं थांबायचा. मी बुटावरून माणूस ठरवायला लागलो. समोरून एक म्हातारा कारकून जात होता, त्याच्या ऑक्सफर्डच्या पुढच्या टोकावर शाई फासून चीर बुजवलेली. मी म्हणालो, "हा बघ, साहेब व्हायला निघाला होता." मानेनं त्या बुटाकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "शाई वाईट लावलीय. आधी मेण भरायला पाहिजे होतं."

शेवटी कँटोन्मेंटातल्या एका चिनी कारागिराकडं माझे बूट शिवून झाले. काळे ऑक्सफर्ड, पुढं बोटांवर चामड्याची एक सरळ आडवी टोपी, दुसरं काही नाही. मानेनं चामडं निवडलं, टाक्यांवरून त्या कारागिराशी दोन तास हुज्जत घातली. महिनाभरात एक घोटाळा झाला. कारखान्याच्या फाटकाशी मी बसमधून उडी मारली आणि डाव्या बुटाचा तळ टाचेपाशी उसवला. दुसऱ्या दिवशी सरदेसाई नकाशे तपासणार होते. संध्याकाळी माने माझा बूट घेऊन आपल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि पेटीच्या तळातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात आरी होती, रापी होती, मेण लावलेला दोरा होता. दोन्ही गुडघ्यांत बूट धरून त्यानं शिवायला सुरुवात केली. आरी आत जायची, दोन्ही बाजूंनी दोरा यायचा, हात दोन्हीकडं एकदम ओढले जायचे. मी इतकं सुंदर काम करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"वडिलांची आरी आहे," तो मान वर न करता म्हणाला. "आम्ही चांभार. चिकोडीचा म्हणून सांगतो, पण घर अथणीचं, वहाणांच्या गावचं. शेजारच्या संस्थानात एक इंग्रज इंजिनिअर होता, त्याचे जुने बूट वडिलांनी मागून घेतले आणि टाका टाका उसवून शिकले. उसवलेला प्रत्येक तुकडा मी कागदावर काढून द्यायचो. माझं ड्रॉइंग तिथलं." मग दोरा दातांनी तोडून म्हणाला, "अक्कांना माहीत नाही. तुला सांगितलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला काही फरक पडत नाही, असं म्हणालो. आणि खरंच सांगायचं तर त्या क्षणी मला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही. जे काही वाटलं ते माझ्याबद्दल. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, या विचारानं मला त्या रात्री छान झोप लागली.

जानेवारीत निवड सुरू झाली. एका माणसाला वर्षभर विलायतेला पाठवायचं होतं. गाळत गाळत दोन नावं उरली, मानेचं आणि माझं. मानेचे नकाशे माझ्यापेक्षा चांगले होते. हे मला माहीत होतं, सरदेसायांना माहीत होतं, बारा बोर्डांवरच्या बारा जणांना माहीत होतं. सरदेसायांनी आम्हां दोघांना रविवारी आपल्या बंगल्यावर चहाला बोलावलं. तिथं माणूस कसा उठतो-बसतो हे ते पाहत, असा लौकिक होता.

त्या सकाळी माझ्या बुटांना शेवटचा हात मानेनंच मारला. मी पॉलिश फार थापतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं, पाण्याचा एकेक थेंब टाकत लहान लहान गोल फिरवले, आणि त्या काळ्या टोपीत खिडकीचे गज दिसायला लागले. मग आम्ही बसनं निघालो. तो माझ्या शेजारीच बसला होता. आणि मी, तो शेजारी बसलेला असताना, ते वाक्य मनात तयार करत होतो. ते अचानक तोंडून गेलं असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. शब्द कुठं ठेवायचे, आवाज किती सहज ठेवायचा, सगळं ठरवून झालं होतं.

सरदेसायांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. त्यांच्या पत्नी बिस्किटांची बशी घेऊन आल्या. सरदेसाई माझ्या पायांकडं बघून खुश झाले. "जोशी, सुधारलात. कोणी शिकवलं?"

"मानेनं, सर," मी म्हणालो. "त्याला चामड्यातलं सगळं कळतं. त्यांच्या घरचंच काम आहे ते."

बाईंनी बशी मानेपुढं धरली होती. त्यांनी ती मागे घेतली नाही. फक्त त्याच्या हातापुढून काढून टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. माने माझ्याकडं वळला. मी चहात साखर ढवळत होतो.

"असं?" सरदेसाई म्हणाले. "आम्ही असलं काही मानत नाही हं, माने. तिकडं राहून आलोय." ते खरंच मोकळेपणानं बोलत होते. मग त्यांनी उजवा पाय पुढं केला. "बरं झालं पण. जरा हा बघा ना. विलायतेहून आणलेला जोड. हल्ली चालताना तळ किंचित बोलतो."

त्यांनी बूट काढला नाही. पाय तसाच पुढं धरला. खुर्चीत बसून तो बूट दिसणं शक्य नव्हतं. माने उठला, पँट गुडघ्यांवर किंचित वर ओढली आणि त्यांच्या समोर उकिडवा बसला. साहेबांची टाच त्यानं डाव्या तळहातावर घेतली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं तळाच्या कडेवरून सावकाश दाब देत गेला. बागेत कुठंतरी माळी पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी गोड बोलेल. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो.

"सर, हा शिवलेला नाही," माने म्हणाला. "कडेच्या पट्टीवर हे टाके दिसतात ना, ते नुसते दाखवायला आहेत. खाली पोचतच नाहीत. तळ चिकटवलाय. तुम्हाला शिवलेला म्हणून विकला असेल तर फसवलंय. दोन पावसाळे निघतील, जास्त नाही."

सरदेसायांनी पाय ओढून घेतला. "चहा निवतोय," ते म्हणाले.

परत येताना बसमध्ये माने पुढच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्याकडं गेलो नाही.

आठवड्यानं फळ्यावर माझं नाव लागलं. त्याच कागदावर खाली दुसरा हुकूम होता. मजुरांना देण्याच्या संरक्षक बुटांची तपासणी करण्यासाठी श्री. माने यांची, त्यांचं विशेष ज्ञान लक्षात घेऊन, भांडारात बदली. त्या हुकुमातलं 'विशेष ज्ञान' हे शब्द वाचताना लोकांचे चेहरे कसे उजळत होते ते मी पाहिलं. ड्रॉइंग ऑफिसातल्या त्याच्या शेवटच्या दिवशी कोणीतरी त्याच्या बोर्डावर, अर्ध्या झालेल्या नकाशावर, एक फाटकी चप्पल ठेवली. त्यानं ती उचलली, अंगठा कुठून तुटलाय ते पाहिलं, खाली ठेवली आणि नकाशा पुरा केला. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जरा उशिरा.

अक्काला मी सांगितलं नाही, एवढं एक खरं. सरदेसाईबाई आणि अक्का एकाच भजनाला जात. एका संध्याकाळी परात आमच्यापुढं आली नाही. अक्कानं मला एकट्याला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. आवाज नेहमीसारखाच मऊ. "जोशी, मानेंना सांगता का. आमचा मुलगा यायचा आहे म्हैसूरहून. त्याला खोली लागेल. म्हणजे त्यांना वाईट नको वाटायला, अल्वा?"

अक्काला मुलगा नव्हता. मूलच नव्हतं. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, मानेला माहीत होतं. तरी मी त्याच्या दाराशी जाऊन तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. म्हैसूरसुद्धा गाळलं नाही.

मानेनं ऐकून घेतलं. "सरी," म्हणाला. ठीक आहे, पण कानडीत. माझ्याशी तो कधी कानडी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन गेला. त्या खोलीत पुढं तीन महिने कुणी राहिलं नाही. अक्का तिथं शेंगांच्या टोपल्या ठेवायची.

विलायतेत मी एका कारखान्यात वर्ष काढलं. तिथला मुख्य इंजिनिअर भेगाळलेले, चिखलानं पांढरे पडलेले डर्बी घालून यायचा. एक लेस तर सुतळीची होती. पहिल्या दिवशी मी माझे काळे ऑक्सफर्ड चमकवून त्याच्यापुढं उभा राहिलो. त्यानं माझ्या पायांकडं एकदाही पाहिलं नाही, माझा नकाशा मागितला. बघून म्हणाला, बरा आहे. नुसता बरा. त्या रात्री खोलीवर येऊन मी बराच वेळ कोट न काढता बसून राहिलो. मानेचा नकाशा त्यानं पाहिला असता तर काय म्हणाला असता, हे मला नेमकं कळत होतं. ज्या कसोटीवर मी एका माणसाला गाडलं, ती कसोटी या गावात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

परत आलो तेव्हा सरदेसाई बढती घेऊन दिल्लीला गेले होते. मानेबद्दल लोक वेगळ्या सुरात बोलत होते. भांडारात आल्या आल्या त्यानं ठेकेदाराचे दोनशे जोड परत पाठवले होते. वरून दडपण आलं तरी सही केली नव्हती. भट्टीवरच्या मजुरांचे पाय आता भाजत नव्हते, आणि ती माणसं त्याला माने अण्णा म्हणत. पुढं दोन वर्षांनी तो मद्रासला चामड्याचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेत गेला, तिथं मुलं त्याच्या हाताखाली शिकतात, असं ऐकलं. मी कधी पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं ते माहीत नव्हतं असं नाही. त्यानं उत्तर दिलं तर काय, ही भीती होती.

पण तो जाण्याआधी एकदा मला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं. मला यंत्रशाळेवर नेमलं होतं, आणि तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला संरक्षक बूट घ्यावेच लागत. मी भांडाराच्या रांगेत लागलो. पुढं एक म्हातारा मजूर होता. मानेनं त्याला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसून त्याच्या पायात बूट चढवला, पुढच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला. "बोटं हालतात?" त्यानं कानडीत विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मानेला पटलं नाही. त्यानं तो जोड काढला, दुसरा आणला, तोही काढला, तिसरा घातला. म्हातारा संकोचून हसत होता.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "दत्ता."

तो उठून भांडाराच्या खिडकीमागं गेला. फळीवर एक जोड ठेवला. "घालून बघा," तो म्हणाला. मला तो आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होता. स्टूल त्यानं पायानं बाजूला सरकवलं होतं. मी उभ्यानंच, भिंतीला हात टेकून बूट चढवले. करंगळीपाशी लोखंडी टोपीची कड सरळ हाडावर बसली. चालत्या माणसाच्या पायाचा नंबर लांबून सांगणारा माणूस होता तो. त्याचा नंबर चुकणं शक्यच नव्हतं.

"चावतात का?" त्यानं विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी उत्तर काय देतो याची तो वाट बघत होता, आणि त्याला घाई नव्हती. माझ्यामागं दहा-बारा माणसं उभी होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं रजिस्टर माझ्याकडं वळवलं आणि माझ्या नावापुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली.